गंजलेली जुनी गाडी: रंगाआधी पैसा कुठे घालायचा?

झाडाझुडपांत वर्षानुवर्षं पडलेली गाडी ओढून काढायची, धुवायची, घासायची, रंगवायची आणि व्हिडिओच्या शेवटी रस्त्यावर पळवायची. असे व्हिडिओ सध्या आवडीने बघितले जातात आणि ते बघून पुष्कळांना वाटतं, आपणही एखादी जुनी गाडी उभी करावी. वाटायलाच हवं. जुन्या गाड्या साध्या पान्यांनी उघडता येतात, डोळ्यांनी बघून समजतात, आणि भंगारात निघालेली गाडी पुन्हा चालू लागली की त्यासारखं समाधान नाही.

पण पुढच्या दोन वर्षांत त्या गाडीचं काय होतं, ते व्हिडिओत येत नाही. हौसेने रंगवलेल्या बऱ्याच गाड्यांना थोड्याच काळात चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडेला बारीक फोड येतात. मालकाला वाटतं रंग हलका होता, रंगाऱ्याने हात मारला. बहुतेक वेळा रंगाचा काही दोष नसतो. पत्रा आतून गंजत होता, आणि बाहेरून कितीही चांगला रंग मारला तरी तो गंजतच राहणार होता.

म्हणून हात आखडता असेल तर एक गोष्ट पहिल्यापासून मनाशी पक्की करावी: पैसा आधी न दिसणाऱ्या जागी घालायचा. दिसणाऱ्या गोष्टींची पाळी शेवटी. असं का, ते कळायला आधी गंज समजून घ्यावा लागेल.

गंज म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंड खाणीतून निघतं ते मुख्यतः ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे ऑक्सिजनशी बांधलेलं. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण तो ऑक्सिजन काढून टाकतो. पुढे संधी मिळाली की लोखंड पुन्हा ऑक्सिजनकडे जातं. त्यासाठी त्याला पाणी लागतं, आणि तेही फार नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो.

त्या थराखाली घडतं ते विजेचं काम आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. जवळच्याच दुसऱ्या जागी पाणी आणि ऑक्सिजन मिळून ते इलेक्ट्रॉन घेतात. मधल्या पत्र्यातून वीज वाहते, पाण्यातून भारित कण वाहतात, आणि मंडल पूर्ण होतं. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते. समुद्राकाठच्या, किंवा बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात अशा भागांतल्या गाड्या लवकर सडतात त्या यामुळेच.

यात एक चकवा आहे. लोखंड विरघळतं ते जिथे ऑक्सिजन भरपूर आहे तिथे नाही. तो जिथे कमी पोचतो तिथे. उघड्या पत्र्याला हवा मिळते. दोन पत्र्यांच्या जोडाच्या फटीत, चिखलाच्या थराखाली, फुगलेल्या रंगाच्या आत ती पोचत नाही, आणि पत्रा नेमका तिथे खाल्ला जातो. वरचा रंग शाबूत दिसत असताना शिवण आतून संपलेली असते ती यामुळे.

दुसरी अडचण गंजाच्या स्वभावाची. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा घेतो. त्या फुगण्याने रंग उचलला जातो, शिवण उकलते, आणि आत शिरायला पाण्याला नवी वाट मिळते.

रंगावरचा फोड म्हणजे दातावरचा काळा ठिपका समजा. वरून मोहरीएवढा दिसतो, पण दंतवैद्य कोरायला लागले की खरी पोकळी आत सापडते, आणि निरोगी भाग लागेपर्यंत कोरल्याशिवाय ते भरत नाहीत. कीड आत ठेवून वरून सिमेंट भरलं तर दात जाणार हे आपल्याला पटतं. पत्र्याचंही तेच आहे.

गाडी निवडताना काय तपासायचं?

सगळ्यांत मोठी बचत गाडी घेण्याआधी होते. त्यासाठी एक फरक माहीत हवा. काही गाड्यांना खाली स्वतंत्र पोलादी सांगाडा असतो आणि बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते. जुन्या जीप तशा आहेत. बहुतेक मोटारींमध्ये असा वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून तयार झालेली बॉडीच सगळा भार पेलते. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. १९३४ च्या सित्रोएन त्राक्सियाँ अवाँपासून मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत ती आली आणि पुढे सगळीकडे रूढ झाली.

मोनोकॉक गाडीत दाराखालची लांब पेटी, जिला सिल म्हणतात, ती गाडीचा कणा असते. ती सडली की गाडी मधोमध खचते. म्हणून गाडी बघायला गेल्यावर आधी दारं उघडून लावून बघा. दार उचलून लावावं लागतंय का? दाराच्या कडेची फट वर एक आणि खाली एक अशी असमान आहे का? बिजागर झिजलं असेल तर काम छोटं आहे. बिजागर ठीक असूनही दार बसत नसेल, तर बॉडी वाकल्याची शंका घ्यावी.

मग खाली वाका. मालकाची परवानगी घेऊन सिलच्या खालच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी पत्रा टणटण वाजतो. आवाज बोदा आला तर तिथेच थांबा आणि टोक हलकेच दाबून बघा. कधी टोक आत जातं आणि तपकिरी भुगा हातावर पडतो. कधी काळ्या डांबरी लेपाचा तुकडा सुटून येतो आणि मागे पत्राच नसतो. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून चाकांच्या कमानींवरून फिरवा. तो जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (खळगे भरायचा लगदा) आहे, म्हणजे तो खळगा कुणीतरी आधीच बुजवला आहे.

एवढ्यावर थांबू नका. सीटखालचे आणि पायाखालचे गालिचे उचला. डिकीत स्टेपनीची खोबण बघा. बॅटरीखालचा पत्रा बघा, तो अॅसिडने खाल्लेला असू शकतो. पुढच्या काचेच्या रबराखालचा भाग, सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्टने बसतं त्या जागा, आणि जॅक लावायचे बिंदू तपासा. दार, बोनेट, मडगार्ड बदलता येतात. सस्पेन्शनच्या बैठका सडल्या असतील आणि हातात पैसे कमी असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ती गाडी सोडा.

इंजिन जाम आहे म्हटल्यावर?

नवखे लोक बंद इंजिनाला घाबरतात आणि गंजाकडे काणाडोळा करतात. उलट करायला हवं. इंजिन, गिअरबॉक्स, कार्बोरेटर हे सुटे होणारे भाग आहेत. ते काढून टेबलावर ठेवता येतात, दुसऱ्या गाडीचे मिळू शकतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च आधी विचारून ठेवता येतो. पत्र्याच्या कामाचा अंदाज मात्र कापायला लागेपर्यंत कुणालाच नीट देता येत नाही.

गाडी पूर्ण आहे का, हेही महागाचं कलम आहे. क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, काचा, आतली बटणं, दारांच्या मुठी हरवलेल्या असतील तर त्या शोधण्यात पत्र्याच्या कामापेक्षा जास्त पैसा जाऊ शकतो. म्हणून सर्वाधिक विकली गेलेली मॉडेलं कमी खर्चात उभी राहतात. फोक्सवॅगनची मूळ बीटल २ कोटी १५ लाखांहून अधिक बनली आणि २००३ पर्यंत बनत होती. १९५९ ते २००० या काळातली मूळ मिनीही ५३ लाखांच्या घरात बनली. अशा गाड्यांचे सिल, फरशीचे पत्रे, रबरं आजही नवीन बनतात. दुर्मीळ गाडी स्वस्तात मिळाली तरी पुढे एकेक भाग तिची किंमत वसूल करतो.

आणि कागद. गाडीवर कोरलेला चासी नंबर कागदाशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. ती जागा गंजलेली असेल तर ग्राइंडर लावण्याआधी वाहन नोंदणी खात्याला विचारा. नंबर घासला गेला तर चांगली उभी केलेली गाडीही रस्त्यावर आणता येत नाही.

गंज काढायचे मार्ग कोणते?

मोठ्या, पोचता येणाऱ्या पृष्ठभागावर तारेचा ब्रश, ग्राइंडरवरची जाळीदार चकती आणि पॉलिश पेपर पुरतात. वेळ जातो, पैसा नाही. वाळूचा मारा झटपट काम करतो, पण बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड असतो आणि जोरदार माऱ्याने तो ताणला जाऊन कायमचा लाटा घेतो. मारा हवाच असेल तर सस्पेन्शनचे दांडे, चाकांच्या रिम, जाड सांगाडा यांना द्यावा. साध्या वाळूची धूळ फुप्फुसात कायमचा आजार करते, तेव्हा हे काम बंद जागेत आणि योग्य साधनं असलेल्यांकडूनच करून घ्यावं.

छोट्या भागांना आम्लाचं पाणी उत्तम. व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडच्या द्रावणात भाग एक-दोन दिवस बुडवून ठेवला की गंज मऊ होऊन सुटतो. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात धुवायचा, लगेच कोरडा करायचा आणि त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावायचा. उघडा धातू तासाभरातही पुन्हा पिवळा पडतो. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट मात्र आम्लात टाकू नयेत. आम्लातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. असा बोल्ट दिसायला नव्यासारखा असतो आणि भाराखाली तुटतो.

विजेनेही गंज काढता येतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून तो बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि लोखंडाची एक टाकाऊ पट्टी धन टोकाला. गंज सैल होऊन गळतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. यात तीन पथ्यं पाळावीच लागतात. यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे उघड्यावर करायचं. पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, कारण पाण्यात क्रोमियमचं विषारी रूप उतरतं. आणि पाण्यात मीठ टाकायचं नाही, नाहीतर क्लोरीन वायू तयार होतो.

कन्व्हर्टर लावला की झालं ना?

गंजावर ब्रशने लावायचा आणि काळा पडू द्यायचा असा द्रव मिळतो, त्यालाच कन्व्हर्टर म्हणतात. त्यात फॉस्फरिक किंवा टॅनिक अॅसिड असतं, जे गंजाचं रूपांतर अधिक स्थिर संयुगात करतं. हा द्रव उपयोगी आहे. घासूनही खोल खळग्यांत उरलेल्या गंजासाठी तो लावावा. पण तो वरच्या पातळ थरापुरताच पोचतो. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ओतला तर खालचा गंज तसाच राहतो. आणि कुठलंही रसायन खाल्लेला पत्रा परत आणत नाही. पत्रा बोटाने दाबल्यावर वाकत असेल तर तो कापायचाच.

वेल्डिंग स्वतः शिकता येतं का?

येतं, आणि कमी बजेटमध्ये खरी बचत इथेच आहे, कारण जुन्या गाडीच्या पत्र्याच्या कामात सगळ्यांत जास्त लागते ती माणसाची मेहनत. पातळ पत्र्यासाठी मिग वेल्डिंग सोपं पडतं. त्यात पिस्तुलासारख्या साधनातून तार आपोआप पुढे सरकते आणि वायूचं आवरण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतं. ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घेतलं की १ मिलिमीटरचा पत्रा सांभाळता येतो.

ठिगळ कसं बसतं ते जवळून बघू. सडलेला भाग फुटकळ न कापता, चकाकता धातू लागेपर्यंत आयताकृती कापायचा, कोपरे गोल ठेवायचे. पुठ्ठ्याचा साचा काढून नवा पत्रा त्या मापाचा करायचा. कडेला तारेच्या जाडीएवढी फट ठेवायची. मग एक टाका वरच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा खालच्या उजव्या, तिसरा मधोमध. प्रत्येक टाक्यानंतर थांबायचं. हात लावता येईल इतकं थंड झालं की दोन टाक्यांच्या मध्ये नवा टाका. असं करत टाके एकमेकांना भिडतात. एका दमात रेघ ओढली तर पत्रा तापून पसरतो, थंड होताना आक्रसतो आणि सपाट दार कायमचं पोक काढतं. पत्रा जळून भोक पडत असेल तर मागून तांब्याची पट्टी धरावी. तांब्याला वितळलेलं पोलाद चिकटत नाही आणि उष्णताही ओढली जाते.

सरावासाठी आधी टाकाऊ पत्रा घ्या, गाडीचं दार घेऊ नका. सिल किंवा सस्पेन्शनच्या बैठकांचं वेल्डिंग मात्र अनुभवी माणसाकडून करून घ्या. कापणं, घासणं, साचे काढणं ही वेळखाऊ कामं तुम्ही करा. वेल्डर फक्त वेल्डिंगपुरता बोलवा. यात सुरक्षितता टिकते आणि खर्चही बराच उतरतो. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून बसवायचा असतो, नाहीतर कापलेली बॉडी मिटते आणि दार पुन्हा कधीच बसत नाही.

जीवाची काळजी घ्या. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग ओला असताना त्यावर ठिणगी पाडली तर फॉसजीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावरचं जस्त वेल्डिंगच्या जागी आधी घासून काढा. त्याच्या धुराने ताप येतो.

लांबी, प्रायमर, रंग: क्रम का चुकू नये?

लांबीबद्दल बरेच गैरसमज आहेत. पत्र्याच्या लाटा आणि वेल्डिंगच्या खुणा सपाट करायला ती लागतेच, चांगल्या कारखान्यांतही वापरतात. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावा आणि ती भोकावर कधीच नसावी. लांबीत शंखजिऱ्याची बारीक पूड असते आणि ती ओलावा शोषते. मागून उघड्या भोकातून पाणी मिळालं की लांबी ते पत्र्यापर्यंत पोचवते.

म्हणून उघड्या धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर मारावा. दोन भाग मिसळून लावायचा हा थर पाणी अडवतो. त्यावर लांबी, मग जाड थराचा घासता येणारा प्रायमर, मग रंग. राखाडी प्रायमर मारलेली गाडी महिनोन्महिने बाहेर उभी राहिलेली अनेक ठिकाणी दिसते. मालकाला वाटतं गाडी सुरक्षित आहे. घासायचा प्रायमर सच्छिद्र असतो. त्यातून पाणी झिरपतं आणि खाली नवा गंज धरतो. काम मध्येच थांबणार असेल तर गाडी इपॉक्सी प्रायमरवर थांबवा. एवढ्या एका निर्णयाने कित्येक अर्धवट गाड्या वाचतील.

आतल्या पोकळ्यांचं काय?

इथे लोक सगळ्यांत कमी खर्च करतात, आणि इथेच सगळ्यांत जास्त करायला हवा. सिल, दारं, खांब आतून पोकळ असतात. जुन्या काळी बऱ्याच गाड्यांच्या या पोकळ्यांत नीट रंग पोचतच नसे. पुढे अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवण्याची पद्धत रूढ झाली, आणि पोर्शेने १९७५-७६ पासून ९११ ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली. त्याआधीची सर्वसामान्य गाडी आतून जवळजवळ उघडीच समजावी.

उपाय स्वस्त आहे. पोकळ्यांसाठी मेणयुक्त द्रव मिळतो. पत्र्याचं आणि रंगाचं काम संपल्यावर लांब नळीने तो सिलच्या भोकांतून आत फवारायचा. मेण फटीत शिरतं, पातळ पापुद्रा धरतं आणि पाण्याला हटवतं. खालच्या भोकातून थेंब पडू लागले की आतपर्यंत पोचलं. मग बारीक तारेने ती भोकं पुन्हा मोकळी करायची. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघून जायला कारखान्याने मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. माती, पाला किंवा नव्या लेपाने ती बुजली तर दार पाण्याची टाकी होऊन बसतं. पत्र्यांच्या जोडांवर पॉलियुरेथेनचं सीलर लावावं. लांबीने जोड भरू नये, ती तडकते.

खालून डांबराचा जाड लेप मारण्याचा मोह टाळा. नवा असताना तो छान दिसतो. कडक होऊन तडे गेले की पाणी त्यामागे अडकतं आणि पत्रा कुणालाही न दिसता सडतो. इपॉक्सी प्रायमर, वर चांगला रंग आणि मेण, एवढं पुरतं, आणि पुढे काही बिघडलं तर दिसतं तरी.

रंग घरी मारू शकतो का?

तयारी घरी करा. फवारणीबद्दल मी सावध राहायला सांगेन. आजच्या टिकाऊ रंगांत वापरल्या जाणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. साध्या मास्कने ते अडत नाहीत. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं मुखावरण लागतं. म्हणून सगळं घासून, मास्किंग करून (न रंगवायचे भाग झाकून) गाडी रंगशाळेत न्यावी आणि फक्त फवारणीचे पैसे द्यावेत. रंगाच्या बिलात मोठा वाटा तयारीच्या श्रमांचा असतो, तो तुमच्या हातात आहे.

जुना रंग कोरडा घासू नका, ओला घासा. त्यात शिसं असू शकतं. जुन्या ब्रेक शूंमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून तिथे हवेचा फवारा कधीच मारू नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा.

रंगच मारायचा नसेल तर? गाडीचा उन्हाने विटलेला मूळ रंग, घासला गेलेला, कुठे तांबूस झालेला, तसाच ठेवायची पद्धत आता रुळली आहे. पैशांच्या दृष्टीने हा फार शहाणपणाचा मार्ग आहे आणि मला तो मनापासून आवडतो. खालचा पत्रा, सिल, फरशी, ब्रेक पक्के करायचे आणि वरचं वय तसंच राहू द्यायचं. उघड्या गंजावर पारदर्शक लॅकर मारू नका, काही काळात तो पांढरा पडून सुटतो. मेणाचा किंवा उकळलेल्या जवस तेलाचा पातळ हात अधूनमधून फिरवावा. जवस तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

गाडी हवी तशी सजवली तर तिची किंमत उतरते का?

ती कुठली गाडी आहे यावर अवलंबून आहे. कमी संख्येने बनलेली, मूळ इंजिन आणि मूळ रंग टिकलेली गाडी असेल तर तिच्यात फेरबदल करू नयेत. लाखोंनी बनलेली, आधीच अनेकदा दुरुस्त झालेली गाडी असेल तर मनासारखं करा. फक्त मूळ भाग फेकू नका आणि शक्यतो नवं भोक पाडू नका, म्हणजे कधी वाटलं तर गाडी पूर्वरूपात नेता येईल. मोठ्या फेरबदलांना नोंदणी खात्याची मान्यता लागू शकते, ती खर्च करण्याआधीच घ्यावी.

फेरबदलाचा पहिला पैसा मी ब्रेकवर घालेन. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाचं एकच मंडल असे. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. दोन स्वतंत्र मंडलांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) बसवणं हा त्यावरचा उपाय. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले तर आणखी चांगलं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शिरल्यावर त्याची खालची मर्यादा १५५ वर येते. बाटलीत उघडं राहिलेलं तेल वापरू नये.

दुसरा खर्च टायरचा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनं रबर भरवशाचं नसतं. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तिथे तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो लगेच काढा. तिसरा खर्च सीट बेल्टचा. तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोने १९५९ मध्ये गाडीत आणला, पण कितीतरी गाड्यांत तो नंतरही नव्हता. तो नुसत्या पत्र्याला बोल्टने कसू नये. मागे जाड पोलादी पट्टी वेल्ड करून तिला आटे पाडलेले हवेत.

त्यानंतर पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि त्यांना चिरा पाडतं. इंजिनच्या उष्णतेत ती गळती म्हणजे आग. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या महाग नाहीत, सगळ्या बदलून टाका. शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजू शकतात. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडलंच असेल तर त्याच वेळी कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. त्यासाठी मुद्दाम इंजिन उघडायची घाई नको.

विजेचं काम करताना आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक जोडलेलं असे. तसंच ठेवून आजचा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं की ते जळतं. जास्त शक्तीचे दिवे जुन्या स्विचमधून थेट चालवू नका, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारी कळ) लावा. जुन्या तारा तापतात.

रुंद चाकं, खाली बसवलेली गाडी, नवं स्टिअरिंग, चामड्याच्या सीट्स हे सगळं यानंतर. चाकं घेताना फक्त व्यास बघून चालत नाही. चाक बाहेर किती सरकतं तेही मोजा. फार बाहेर गेलं तर बेअरिंगवर भलता भार येतो आणि वळताना टायर मडगार्डला घासतो.

मग गाड्या अर्धवट का पडतात?

पहिल्याच आठवड्यात उत्साहाने गाडी पूर्ण उघडली जाते, हे त्याचं मोठं कारण. गाडी शेकडो तुकड्यांत पसरते, जागा अडते, कुठला बोल्ट कुठला ते विसरायला होतं, आणि हलवता न येणारी गाडी शेवटी भंगाराच्या भावाने जाते. त्यापेक्षा गाडी चाकांवर ठेवूनच काम करा. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन इतपत ठीक करा की ती स्वतः हलेल. मग एका वेळी एकच कोपरा घ्या: डावा सिल उघडला तर तो कापून, जोडून, प्रायमर लावूनच उजव्याला हात. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढा, बोल्ट पिशवीत घालून वर जागा लिहा. गंजलेला बोल्ट जोर लावून तोडू नका. आत झिरपणारं तेल लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी तापवून आधी थोडा आवळा आणि मग सोडवा.

गाडी रस्त्यावर आल्यावरही वर्षातून एकदा सिलमधलं मेण पुन्हा फवारा, दारांची भोकं तारेने मोकळी करा आणि गालिचे उचलून फरशी हाताने चाचपा. हवा न खेळणारं प्लास्टिकचं आवरण घालून गाडी उभी ठेवू नका, आत दव साचतं. धुतल्यानंतर गाडी थोडी फिरवून आणा, दारं उघडी ठेवून कोरडी होऊ द्या, आणि मगच झाका.